रुळाची पाणंद आणि माझे पाय

हे मी अशा माणसासाठी लिहितेय, जो आत्ता दवाखान्यात पडून आहे आणि ज्याला स्वतःच्याच पायाचा अंगठा हलवता येत नाही. किंवा त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोसाठी, नवऱ्यासाठी, आईसाठी. आधीच सांगून टाकते, मी बरी झाले. चालते, जिने चढते, भांडते. मी पडून होते तेव्हा कुणी असं काही अनुभवाचं वाचायला दिलं की मी सरळ शेवटचं पान उघडायची आणि बाई उठली का नाही ते बघायची. ती उठलेली दिसली की मगच पहिल्या पानावर यायची. तुमचा तेवढा त्रास वाचवला.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात एका फौंड्रीच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढते आणि सुट्टीच्या दिवशी सायकल चालवते. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी फक्त मला कसं वाटलं ते सांगणार आहे.

खडीतली सायकल

माझी सायकल शर्यतीची नव्हे. हँडल तसंच वाकडं असतं, पण टायर जाड आणि खडबडीत. डांबरावर ती बरी चालते, पण खडीवर, मुरमावर, मातीच्या चाकोरीत खरी खुलते. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. माझे सासरे अण्णा तिला बिनकामाची सायकल म्हणतात, कारण तिला कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. घरी आणली त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "वैरणीचा एक भारा तरी बसतोय व्हय हिच्यावर?"

आम्ही चार-पाच बायका आहोत. बँकेत काम करणारी जयश्री आमची म्होरकी. रविवारी उजाडताना कसबा बावड्यातून निघायचं आणि पहिली पाणंद दिसली की डांबर सोडायचं. पाणंद म्हणजे शेतात जायची वाट, एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. दोन्ही बाजूंना ऊस. तोडणीच्या दिवसांत समोरून ट्रॅक्टर आला की सायकलीसकट उसात घुसायचं, दुसरा इलाज नाही. वाटेत जो भेटेल तो विचारणार, "पावणं, रस्ता चुकलासा काय?" नाही, फिरायला आलोय म्हटलं की त्याचा विश्वास बसत नाही. "हिकडं? फिरायला?" मग तो आपल्याला गरीब समजून उसाचं कांडं तरी देतो, नाहीतर गुऱ्हाळावर नेऊन पानावर गरम गूळ वाढतो. माझं माहेर, सासर दोन्ही गुळाच्या व्यापारातलं. तरी पाणंदीतल्या त्या गुळाला मी कधी नको म्हटलेलं नाही.

सगळ्यात लाडकी वाट म्हणजे हातकणंगल्याकडची रुळाची पाणंद. खाणीतली खडी वाहून न्यायला तिथं फार पूर्वी रेल्वेचा एक फाटा टाकला होता म्हणे. रूळ कधीच उचलून नेले. भराव तेवढा राहिला आणि त्यावर रुळांखालची खडी. शेतांपेक्षा उंचावरून ही वाट सरळ जाते, मध्ये ओढ्यावर एक दगडी मोरी लागते, आणि चढ म्हणाल तर नावाला नाही. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे आमचीही सोय झाली.

तिथून घरी आलं की गोठ्याच्या दारात अण्णा पेला घेऊन उभे. आमच्या कोल्हापुरात धारोष्ण दूध पिणं हा जगण्याचा भाग आहे. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला म्हैस उभी असते, समोर धार काढतात, फेसासकट पेला हातात देतात आणि माणसं उभ्या-उभ्या पितात. आमच्याकडे परसातच म्हैस होती. कोमट, फेसाळ, न तापवलेलं दूध. अण्णा म्हणायचे, "घे. ताकद सायकलीत नसतीया, ह्याच्यात असतीया." मी एका दमात प्यायची आणि दुसरा मागायची.

चप्पल

त्या दिवसांत मी नवे बूट घेतले होते, पेडलमध्ये खटकन अडकणारे. थांबताना टाच बाहेर फिरवली की पाय सुटतो. एका रविवारी मोरीपाशी थांबताना पाय सुटलाच नाही आणि मी सायकलीसकट आडवी झाले. बाकीच्या पोट धरून हसल्या. हे सगळ्यांचं होतं, त्यात काही विशेष नव्हतं.

मग तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. बूट घट्ट असतील म्हणून मी एक नंबर मोठे आणले. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या, तेव्हा जयश्री म्हणाली, "सीट खाली घे." घेतली. बोटांनाही मुंग्या आल्या तेव्हा हँडल वर घेतलं, नवी ग्रिप टेप गुंडाळली. सायकलवाल्यांची ही एक खोडच आहे. स्वतःला काही दुखलं की आम्ही सायकल दुरुस्त करतो. माझी सायकल त्या आठवड्यात जितकी चांगली होती तितकी आधी कधीच नव्हती.

शेवटी खरं काय ते भाजीवालीनं सांगितलं. मंडईत मेथी घेऊन मी पुढं निघाले, आणि मागून ती ओरडली, "ओ वैनी, चप्पल हितं ऱ्हायली की तुमची!"

मी खाली बघितलं. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी होता. ती कधी निसटली मला कळलंच नव्हतं. आजूबाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. "ध्यान कुठाय म्हणायचं तुमचं?" ती म्हणाली. चप्पल घालून मी स्कूटरपाशी आले आणि मुद्दाम पुन्हा काढून तळवा फरशीच्या कडेवर घासला. काहीही लागलं नाही. मग दुसरा घासला. त्यालाही नाही.

हातोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतल्या स्टुलावरून मला उठता येईना. नवऱ्याला हाक मारली. शिवानंद मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करतात, ढेप उचलायची सवय आहे. त्यांनी मला काखेत हात घालून उचललं, गाडीत ठेवलं, आणि थेट दवाखान्यात आणलं. वाटभर मी बडबडत होते. बुटांचं सांगत होते.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी रबरी हातोडी मारली. तुम्हाला माहीत असेल, पाय टुणकन उडतो. माझा उडाला नाही. त्यांनी पुन्हा मारली. दुसऱ्या पायाला मारली. मी म्हटलं, "डॉक्टर, हातोडी बिघडली का?" ते हसले नाहीत.

मग तपासण्या झाल्या, पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं, आणि दुपारी ते खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले. डॉक्टर उभ्यानं बोलायचं सोडून खुर्ची ओढतात तेव्हा समजायचं. ते म्हणाले, "याला जीबीएस म्हणतात. शरीराचे पोलीस चुकून स्वतःच्याच वायरी तोडायला लागलेत. पायांपासून वर चढतं. कुठवर चढेल ते आज सांगता येत नाही. मग थांबतं, आणि मग हळूहळू उतरतं. बहुतेक माणसं पुन्हा चालतात. काहींना काही महिने लागतात, काहींना वर्ष, आणि काहींच्या पायात थोडं उणं राहून जातं."

"म्हणजे मी चालेन का नाही?"

"आधी श्वास बघू," ते म्हणाले.

मी माझ्या पायांबद्दल विचारलं होतं आणि ते श्वासाबद्दल बोलत होते. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. शिवानंद खिडकीतून खालचं पार्किंग बघत उभे होते, जणू गाडी कुणी नेतंय का एवढीच काय ती चिंता.

जाता जाता डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या काही आठवड्यांत पोट बिघडलं होतं का?" बिघडलं होतं, चांगलंच. "काय खाल्लं होतं बाहेरचं?" मी आठवायला लागले, भेळ का वडा, तेवढ्यात दारात उभे असलेले अण्णा म्हणाले, "भायेरचं न्हाय काय. मीच दिलतं दूध. कच्चं. दर ऐतवारी देतो."

डॉक्टर त्यांना म्हणाले की कशानंही होऊ शकतं, पाण्यानं, खाण्यानं, साध्या सर्दीनंही. न तापवलेलं दूध त्यातलं एक कारण असू शकतं, पण तेच होतं असं कुणीच सांगू शकणार नाही. यापुढं तापवून प्या म्हणजे झालं. अण्णांनी मान डोलावली. टोपी काढली, पुन्हा घातली आणि जिन्याकडं गेले.

आज कुठंवर?

आयसीयूत दिवस-रात्र सारखेच असतात. शिरेतून बाटल्या चालू होत्या आणि मुंग्या मांड्यांवरून कमरेपर्यंत आल्या होत्या. हात उचलला की पेला सांडायचा. दर थोड्या वेळानं सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." छातीपर्यंत आजार आला का ते त्यावरून कळतं. आकडा कमी झाला की सिस्टर काही न बोलता लिहून घ्यायच्या, आणि त्यांचं ते न बोलणं मला फार लागायचं.

एकदा मी म्हटलं, "सिस्टर, आकड्यांचा कंटाळा आलाय. गावं म्हणू का?"

"कसली गावं?"

"सायकलच्या वाटेवरची."

त्या म्हणाल्या, आकडे आधी, नियम तो नियम. मग गावं म्हणा. तर मी सुरू केलं. कसबा बावडा, शिये, शिरोली, हालोंडी, हेर्ले... आणि दम संपला. दुसऱ्या दिवशी हालोंडीतच संपला. घशात नळी घालावी लागेल का, यावर पलीकडं डॉक्टर हळू आवाजात बोलत होते. हळू बोललं की पेशंटला ऐकू येत नाही असा डॉक्टरांचा समज असतो. पेशंटला सगळं ऐकू येतं.

पुढच्या सकाळी पुन्हा हालोंडी. तिथंच थांबलं. ना पुढं, ना मागं. सिस्टरांना मात्र त्यातच आनंद झाला. "मागं न्हाय गेलं की," त्या म्हणाल्या. मग हळूच हेर्ले आलं, चोकाक आलं. सगळ्या वॉर्डाला कळलं होतं. झाडलोट करणाऱ्या मावशीसुद्धा विचारायच्या, "आज कुठंवर?" ज्या दिवशी अतिग्रे आलं, त्या दिवशी मला खालच्या वॉर्डात हलवलं. त्या गावात मी फक्त एकदा चहाला थांबलेय, पण तिथला माणूस भेटला तर आजही मी त्याला आपला समजते.

तर माझा पहिला सल्ला असा. तुम्हाला मोजायला लावतील, ते मोजाच. पण मोजायला स्वतःचं काहीतरी ठेवा.

भेटायला येणारे

खालच्या वॉर्डात भेटायला परवानगी होती आणि कोल्हापुरात आजाऱ्याला भेटायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच पक्कं. येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो आणि त्याच आजाराच्या दुसऱ्या पेशंटची गोष्ट आणतो.

"आमच्या मावशीच्या दिराला असंच झालतं बघा, अगदी हेच."

"मग?"

"मग काय, गेला की."

शिवानंद त्यांना दारापर्यंत सोडायला जायचे आणि परत आले की आम्ही एकमेकांकडं बघायचो. माझा चेहरा अर्धाच हसायचा, कारण एका गालाला आजार लागला होता. ताक प्यायले की त्याच बाजूनं ओघळायचं. ते पुसता पुसता शिवानंद म्हणाले, "अर्धं हसतीस तेच बरं. पूर्ण हसलीस की वॉर्ड जागा हुतोय."

लाज वाटणाऱ्या गोष्टीही सांगते, कारण त्या कुणी सांगत नाही. पलंगावरच सगळं उरकावं लागतं. दुसऱ्या बाईनं तुम्हाला पुसावं लागतं, कुशीवर वळवावं लागतं. पहिल्या दोन-तीन वेळा मी डोळे गच्च मिटून घेतले. मग वॉर्डातल्या मावशी केस विंचरता विंचरता त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगायला लागल्या, आणि मी सुनेची बाजू घेऊन भांडायला लागले. भांडण सुरू झाल्यावर लाज कुठल्या कुठं गेली. त्या वेणी इतकी घट्ट घालायच्या की लोळागोळा झालेल्या अंगात तेवढी एकच गोष्ट ताठ असायची. मला त्या वेणीनं फार बरं वाटायचं.

अण्णा

सगळे आले, अण्णा आले नाहीत. शिवानंद सांगायचे, गुडघा दुखतोय, पाऊस आहे, म्हैस आजारी आहे. मला कळत होतं. एकदा मीच फोन लावायला सांगितला आणि म्हटलं, "अण्णा, तुम्ही आला नाही तर मी गोळ्या घेणार नाही." हा खोटा दम होता, गोळ्या सिस्टर तोंडात घालायच्याच.

ते आले. पलंगाजवळ उभे राहिले, बसेनात. अण्णा घाबरले की कानडीत जातात. "ब्याड, ब्याड," ते खुर्चीला म्हणाले. नको, नको. मग चादरीवरून माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "माझ्या हातानं झालं, विजू."

खरं सांगते, त्याआधी मलाही त्यांचा राग आला होता. पाय हलत नसताना माणसाला कुणीतरी दोषी पाहिजे असतो. पण त्यांचा तो हात पायावर होता आणि मला तो कळत नव्हता, फक्त दिसत होता. मी रडायला लागले. म्हटलं, "अण्णा, दुसरा पेला मीच मागायची. आणि डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात? कुणालाच ठाऊक नाही."

"आता तापवतोय," ते म्हणाले. "सगळंच तापवतोय."

सगळंच म्हणजे किती, ते मला घरी गेल्यावर कळलं. दूध तीनदा उकळायचं, पाणी उकळायचं, शहाळ्याचं पाणीसुद्धा त्यांनी एकदा पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं होतं. उकळलेलं शहाळ्याचं पाणी कसं लागतं ते विचारू नका. मी प्यायले.

अंगठा

तेजश्री ही आमची फिजिओथेरपिस्ट, मूळची मलकापूरची. रोज सकाळी ती दारातूनच ओरडत यायची. "उठा वैनी, काय हुत न्हाय!" मी म्हणायची, "उठता येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?" ती पाय हातात घ्यायची आणि माझ्याकडून व्यायाम करून घेतल्यासारखं स्वतःच करायची. मग म्हणायची, आता तुम्ही. मी पूर्ण ताकद लावायची, कपाळाला घाम यायचा, पाय जागचा हलायचा नाही. "हललं!" ती म्हणायची. सरळ सरळ खोटं बोलायची.

एका सकाळी ती म्हणाली, "हललं," आणि शिवानंद खुर्चीतून उठून उभे राहिले. "खरंच हललं. चादर हलली."

"वारा असेल."

"पंखा बंद हाय. परत कर."

मी परत केलं. उजव्या पायाचा अंगठा, मुंगी वळावी इतका, वर झाला आणि पडला. मग शिवानंदनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं. शेजारच्या पलंगावरच्या आजीबाई उठून बघायला आल्या. बाळाचा पहिला दात बघायला येतात तसा त्या दिवशी लोकांनी माझा अंगठा बघितला.

पुढं घोटा आला, गुडघा आला. मग वॉकर, पायाला आधाराची प्लॅस्टिकची पट्टी, भिंतीला धरून चालणं. हे लिहायला एक ओळ लागते, करायला महिने गेले. मध्ये असे आठवडे गेले की काहीच सुधारणा नाही. त्या आठवड्यांत माझ्याजवळ कुणीही आशेबद्दल बोलू नये असं मला वाटायचं. तेजश्री बोलायची नाही. ती चहा प्यायची, मलकापुरातल्या पावसाला शिव्या द्यायची आणि व्यायाम करून घ्यायची. तुम्हाला अशी कुणी मिळाली तर सोडू नका.

कोपर

दवाखान्यात आम्ही दोघं एका बाजूला होतो, आजार दुसऱ्या बाजूला. घरी आल्यावर आमची भांडणं सुरू झाली.

शिवानंद माझं कोपर सोडेनात. मी वॉकर सोडला तरी त्यांचा हात कोपराला. स्वयंपाकघरात, अंगणात, नळावर, देवघराच्या उंबऱ्यावर. व्यापार भावाच्या गळ्यात टाकून ते माझ्यामागं फिरायचे. मी उठायच्या आधी ते उठलेले असायचे. न्हाणीचं दार आतून लावायचं नाही, हा नियम. बायका भेटायला आल्या की म्हणायच्या, "नशीबवान हाईस बाई." मला मात्र कोपर झटकून पळून जावंसं वाटायचं, आणि पळता तर येत नव्हतं.

तेजश्री म्हणाली, सायकल सुरू करायला हरकत नाही, सपाटीवर. त्या संध्याकाळी मी पडवीत गेले. सायकलीचं पुढचं चाक जागेवर नव्हतं. शिवानंदनी ते काढून गुळाच्या गोदामात नेऊन ठेवलं होतं.

मी खूप ओरडले. अण्णा गोठ्यातून बाहेर आले आणि पुन्हा आत गेले. "मी काय लहान पोर आहे का? डॉक्टर म्हणतात चाला, तेजश्री म्हणते चालवा, आणि तुम्ही चाक लपवताय?"

ते पडवीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी न्हाणीतनं तुला उचललं, तेव्हा तुझं पाय नुसतं लोंबत हुतं. जीव नसल्यागत. डोळं झाकलं की मला तेच दिसतंय. तू पडलीस तर परत तसं हुईल असं वाटतंय. डॉक्टर सांगतात न्हाय हुणार, पटतंय, तरी वाटतंय."

इतक्या महिन्यांत ते हे पहिल्यांदाच बोलले होते. आजारी मी पडले, सगळे मला विचारत राहिले, त्यांना कुणी कसं आहे म्हणून विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, आणि बसताना त्यांनी कोपर धरलं तेव्हा ते झटकलं नाही.

उशाशी बसणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. तुम्हीही घाबरलेले आहात, ते मोठ्यानं सांगा. नाहीतर ते असं चाकं लपवण्यातून बाहेर पडतं.

भराव

चाक परत आलं. ठरलं असं की रुळाची पाणंद घ्यायची, कारण तिथं चढ नाही आणि गाड्या नाहीत. एका टोकाला शिवानंद मला आणि सायकलीला टेम्पोतून उतरवणार आणि डांबरी रस्त्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहणार. भरावावर टेम्पो चढत नाही. साधे बूट, साधे पेडल. जयश्रीलाही नको म्हटलं. पहिल्यांदा मला एकटीला जायचं होतं, आणि शिवानंद यालाही हो म्हणाले. पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सुरुवातीला सायकल नागमोडी गेली. मग चाकोरी सापडली. खडी चाकाखाली कुरकुरायला लागली, हँडल थरथरायला लागलं, आणि ते थरथरणं मला तळव्यांतही कळलं, दोन्ही. मी मोठ्यानं ओरडले. खाली उसाला पाणी पाजणारा एक माणूस दचकला. "काय झालं ओ?" "काय नाही!" मी म्हटलं, आणि पुढं गेले. मोरी ओलांडली. वारा मागून होता. पाय भरून आले, पण ते दमलेल्या पायांचं भरून येणं होतं, ओळखीचं.

मोरीच्या थोडं पुढं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, जाड टायरलाही न जुमानणारा. ट्यूब होती, पंप होता, पण रिमवरून टायर सोडवायला जी चिमटीतली ताकद लागते ती अजून बोटांत आली नव्हती. चार वेळा प्रयत्न केला, नखं काळी झाली, मग फोन लावला.

"अहो, पंक्चर झालंय. टायर निघत नाही माझ्यानं."

"आता? कुठं हाईस?"

"मोरीच्या पुढं."

"तितं टेम्पो येत न्हाय, ठाऊक हाय की तुला." आवाजात वैताग होता. "सकाळधरनं हितं उन्हात उभा हाय मी. पोटात काय न्हाय."

"मग मी काय करू?"

"काय करू म्हंजे? ये की चालत!"

पलीकडं आवाज थांबला. उसात कुठंतरी इंजिनाचा पंप चालला होता, तेवढाच ऐकू येत होता. वर्षभर ज्यांनी मला नळापर्यंत एकटीला जाऊ दिलं नव्हतं, ते भुकेच्या भरात मला चालत ये म्हणून खेकसले होते. जशी कुठलीही बाई चालत येते तशी. ते काय बोलून गेले हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण थोड्या वेळानं ते हलक्या आवाजात म्हणाले, "विजू? हाईस न्हवं?"

"आहे," मी म्हटलं. "आले, थांबा." आणि पंक्चर सायकल हाताला धरून चालायला लागले.